जोडीतल्या एकाला सुट्टी हवी असेल तर

डिसेंबर २०२४ मध्ये हांगझोऊला वर्ल्ड टूर फायनल्सची मिश्र दुहेरी जिंकून झेंग सिवेई आंतरराष्ट्रीय बॅडमिंटनमधून बाहेर पडला. वय सत्तावीस. चार महिन्यांपूर्वीच पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण मिळालं होतं. त्याआधी २०१८, २०१९ आणि २०२२ अशी तीन जागतिक विजेतेपदं, दोन एशियाड सुवर्णं, क्रमवारीत कैक वर्षं पहिला नंबर. शेवटचा सामनाही जिंकूनच कोर्टबाहेर आला.

ही निवृत्ती त्याने नोव्हेंबरमध्येच वेइबो या चिनी समाजमाध्यमावर जाहीर केली होती. शरीर आणि मन आता हा वेग झेपवू शकत नाही, बायको-मुलासाठी वेळ हवा, एवढंच लिहून तो थांबला असता तर आपण हळहळून पुढे गेलो असतो. पण त्याने आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवलं. अव्वल खेळाडूंना ठरावीक स्पर्धा खेळाव्याच लागतात, नाही खेळलं तर दंड होतो. म्हणजे कमी खेळायची सोय नाही, मग खेळायचंच नाही.

आपल्याकडे चिनी खेळाडूंबद्दल लिहिताना एक ठरलेली चाल असते. कोवळ्या वयात क्रीडाशाळेत टाकलेलं मूल, बारा-बारा तास सराव, भावनाशून्य चेहरा, आणि शेवटी पिळून चोथा झालेला माणूस. झेंगची गोष्ट त्या साच्यात बसवणं सोपं आहे आणि माझ्या मते साफ चुकीचं आहे. चीनच्या व्यवस्थेने त्याच्याकडून खूप घेतलं, पण त्याला घडवलंही तिनेच. त्याला सत्ताविसाव्या वर्षी घरी पाठवलं ते मुख्यतः जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या नियमपुस्तकाने. आणि तो नियम जेवढा चीनचा प्रश्न आहे तेवढाच आपलाही, कारण त्या सक्तीच्या यादीत दिल्लीची इंडिया ओपनही आहे.

आधी व्यवस्थेच्या पदरात जे टाकायला हवं ते टाकू. झेंग झेजियांग प्रांतातल्या वेंझोऊचा. तिथली शिडी आता सगळ्यांना माहीत आहे: क्रीडाशाळा, प्रांताचा संघ, मग राष्ट्रीय संघ. २०१५ मध्ये लिमाला ज्युनियर जागतिक स्पर्धेत तो छेन छिंगछेनबरोबर मिश्र दुहेरी जिंकला. तीच जोडी मोठ्यांमध्ये उतरली आणि २०१६ च्या अखेरीस दुबईची सुपर सीरिज फायनल्सही जिंकून बसली. एकोणिसाव्या वर्षी आणखी काय हवं? पण ऑगस्ट २०१७ मध्ये ग्लासगोला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पहिला गेम जिंकूनही इंडोनेशियाच्या तोंतोवी अहमद आणि लिलियाना नात्सिर यांच्याकडून ही जोडी हरली. छेन मात्र त्याच स्पर्धेत जिआ यिफानबरोबर महिला दुहेरीची जगज्जेती झाली. वर्ष संपायच्या आत झेंगच्या बाजूला नवी जोडीदार उभी होती, हुआंग याछ्योंग. त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, त्याच प्रांतातली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये लू कायबरोबर ऑल इंग्लंड जिंकलेली.

म्हणजे एक जागतिक उपविजेती जोडी आणि एक ऑल इंग्लंड विजेती जोडी, दोन्ही मोडल्या. आपल्याकडे एवढ्यावर चार पत्रकार परिषदा झाल्या असत्या. पण निकाल पाहा. झेंग आणि हुआंग पुढची सात वर्षं मिश्र दुहेरीवर राज्य करत राहिले. छेनने महिला दुहेरीवर लक्ष एकवटलं. पॅरिसला दोन्ही जोड्यांनी सुवर्ण जिंकलं. प्रशिक्षकांनी केलेला हा हिशेब बरोबर ठरला, हे नाकारण्यात अर्थ नाही. चीनमध्ये हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. फू हायफेंग आणि चाय युन यांनी लंडनचं सुवर्ण जिंकलेलं असताना पुढे फूला झांग नानबरोबर जोडलं गेलं, आणि रिओत त्यालाही सुवर्ण मिळालं. (लू काय मात्र त्यानंतर जागतिक पातळीवर फारसा दिसला नाही. अशा हिशेबात बाकी उरते तीही कुणाच्या तरी नावावर असतेच.)

आता या जोडीचा खेळ जरा जवळून पाहू, कारण दुहेरीतला अडकलेपणा तिथेच दिसतो. मिश्र दुहेरीत पुरुष सर्व्हिस करतो तेव्हा तो मागे असतो आणि बाई त्याच्या पुढे, नेटजवळ, गुडघे वाकवून, रॅकेट वर धरून उभी. फूल, म्हणजे शटल, तिच्या बाजूने सरकत पलीकडे जातं आणि परत येतं ते तिच्या तोंडासमोर. झेंग-हुआंगचं सामर्थ्य त्या पुढच्या एक-दोन फटक्यांत होतं. हुआंग परतीचं फूल एवढ्या लवकर गाठायची की समोरच्याला ते उचलूनच द्यावं लागे, आणि उचललेल्या फुलाखाली मागून झेंग आधीच पोहोचलेला असे, पाय हवेत. तो स्मॅश मारून थांबत नसे. स्मॅशच्या मागोमाग स्वतः पुढे धावायचा, आणि त्या क्षणी हुआंग न बघता मागची बाजू भरायची. ही अदलाबदल ठरवून होत नाही. हजारो तासांत एकमेकांच्या पावलांचा आवाज अंगवळणी पडतो तेव्हा होते. पॅरिसच्या अंतिम सामन्यात किम वोन-हो आणि जोंग ना-उन या कोरियन जोडीला त्यांनी २१-८, २१-११ असं गुंडाळलं ते याच बळावर.

त्याच किमचं आदल्या दिवशी काय झालं होतं? उपांत्य फेरीत, तिसऱ्या गेममध्ये, लांबलेल्या रॅलींनंतर त्याला कोर्टवरच उलटी झाली. डॉक्टर पिशवी घेऊन आले आणि तो पुन्हा उभा राहिला. ती मॅच त्याने जिंकली. समोर त्याच्याच देशाचा सो सुंग-जे होता, जो त्या ऑलिंपिकमध्ये पुरुष दुहेरी आणि मिश्र दुहेरी दोन्ही खेळत होता. आजचं दुहेरीचं बॅडमिंटन शरीराकडून काय मागतं ते पाहायचं असेल तर सुवर्णपदकाच्या फोटोपेक्षा ही मॅच पाहावी.

आणि एवढं सगळं करून दुहेरीवाल्याच्या हाती येतं किती? वर्ल्ड टूरच्या सर्वात मोठ्या स्पर्धांत बक्षिसांच्या वाटपात एकेरीच्या विजेत्याला एकूण रकमेच्या ७ टक्के मिळतात आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७.४ टक्के. २०२४ च्या ऑल इंग्लंडची एकूण रक्कम १३ लाख डॉलर होती. एकेरी जिंकणाऱ्याला ९१ हजार डॉलर. मिश्र दुहेरी जिंकणाऱ्या झेंग आणि हुआंगला मिळून ९६ हजार २००, म्हणजे प्रत्येकी ४८ हजार १००. दोघांत एक कोर्ट, दोघांत एक चषक, बक्षीसही दोघांत जवळजवळ एकच. फक्त दमणूक प्रत्येकाची स्वतंत्र.

सक्तीचा नियम याच्यावर येऊन बसतो. एकेरीतले पहिले पंधरा आणि दुहेरीतल्या पहिल्या दहा जोड्या यांनी वर्षभरात चारही सुपर १००० स्पर्धा, सहाही सुपर ७५० स्पर्धा आणि सुपर ५०० पैकी दोन खेळायच्या (आकडा जितका मोठा तितकी स्पर्धा मोठी). चुकवली तर दर स्पर्धेमागे पाच हजार डॉलर दंड. दुखापतीचं प्रमाणपत्र आणलं तर सवलतीच्या वाटा आहेत. पण ‘मला दोन महिने घरी राहायचंय’ याला प्रमाणपत्र कुठला डॉक्टर देणार? मलेशिया, बर्मिंगहॅम, जकार्ता, चीन हे सुपर १००० चे टप्पे. भारत, सिंगापूर, जपान, डेन्मार्क, फ्रान्स आणि पुन्हा चीन हे ७५० चे. त्याशिवाय जागतिक अजिंक्यपद, थॉमस-उबर किंवा सुदीरमन या सांघिक स्पर्धा, आशियाई स्पर्धा, वर्षअखेरची फायनल्स. वरच्या फळीतला खेळाडू बहुतेक स्पर्धांत उपांत्य-अंतिम फेरीपर्यंत जातो, म्हणून त्याचा आठवडा इतरांच्या आठवड्यापेक्षा लांब असतो. जो जितका जिंकतो तो तितका जास्त भरडला जातो.

एकेरीत निदान खेळाडू एकटा दंड भरून मोकळा होतो. डेन्मार्कच्या आंदर्स अँटनसेनने जानेवारी २०२६ मध्ये तेच केलं. दिल्लीची हवा खेळण्याजोगी नाही म्हणत त्याने इंडिया ओपनमधून माघार घेतली आणि पाच हजार डॉलर दंड झाल्याचं जाहीरपणे सांगितलं. आपल्याकडे त्यावर राष्ट्राभिमान दुखावून घेणारे पुष्कळ निघाले. त्यातल्या किती जणांनी जानेवारीत दिल्लीत तासभर पळून पाहिलंय, कोण जाणे.

दुहेरीत मात्र तसं करता येत नाही. तिथे प्रवेशिका जोडीची, क्रमवारी जोडीची, मानांकनही जोडीचं. एकाला विश्रांती हवी असेल तर दुसऱ्याने करायचं काय? एक तर बिनकामाचं बसून राहायचं, नाहीतर नवा जोडीदार घेऊन खालच्या पायरीवरून सुरुवात करायची. चीनसारख्या संघात तर पर्याय शेजारच्या कोर्टवर वॉर्म-अप करत उभेच असतात. झेंगची जागा घ्यायला जियांग झेनबांग होता, फेंग यांझे होता. त्यामुळे दुहेरीतला खेळाडू ‘मला थांबायचंय’ म्हणतो तेव्हा तो स्वतःपुरतं बोलतच नाही, तो दुसऱ्या माणसाच्याही कारकिर्दीवर सही करत असतो. झेंग गेला तेव्हा हुआंगबरोबरची जोडी त्याच दिवशी, त्याच कोर्टवर संपली. तिच्या हातून फूल सुटत होतं म्हणून ती संपली नव्हती.

म्हणून मला हा दंड दुहेरीला दुप्पट अन्यायाचा वाटतो. माणूस दमला तरी जोडीदाराच्या भिडेने खेळत राहतो, आणि पुरता मोडला की एकदमच जातो. ली जुनहुईचं उदाहरण घ्या. लिउ युछेनबरोबर २०१८ चा जगज्जेता, टोकियोचा रौप्यविजेता, आणि २०२१ संपायच्या आत सव्विसाव्या वर्षी निवृत्त. चीनच्या दुहेरीवाल्यांची यादी काढली तर तिशी गाठणारे हाताच्या बोटांवर मोजावे लागतील.

याच्या अगदी उलट टोक शोधायला २५ ऑगस्ट २०१९ ला बाझेलमध्ये जावं लागतं. भारतीयांना तो दिवस सिंधूमुळे आठवतो, ओकुहाराला २१-७, २१-७ हरवून ती जगज्जेती झाली. त्याच दिवशी त्याच कोर्टवर झेंग आणि हुआंगने मिश्र दुहेरी जिंकली. झेंग तेव्हा बावीसचा. आणि त्याच दिवशी पुरुष दुहेरीचं विजेतेपद मोहम्मद अहसानबरोबर मिळवलं इंडोनेशियाच्या हेंद्रा सेतियावानने, ज्याचा तो पस्तिसावा वाढदिवस होता. पस्तीस! पुढे झेंग निवृत्त झाल्यावर सहा आठवड्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, जकार्ताच्या इस्तोरा स्टेडियममध्ये हेंद्राने रॅकेट ठेवली. तो तेव्हा चाळिशीत होता. बाझेलला त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान असलेला विजेता त्याच्या आधी घरी पोहोचला होता.

हेंद्रा कसा टिकला? निसर्गाची देणगी आहेच. त्याचा खेळ ताकदीचा कमी आणि मनगटाचा, डोक्याचा जास्त. ही तुलना त्यामुळे काटेकोर नाही, आणि महासंघाचे नियम इंडोनेशियालाही तेच होते. पण एक फरक निर्णायक आहे. हेंद्राला मधल्या काळात दार उघडं मिळालं. तो राष्ट्रीय केंद्राच्या बाहेर पडला आणि २०१७ मध्ये चक्क मलेशियाच्या तान बून हेओंगबरोबर जोडी करून खेळला. जमलं नाही, तर परत अहसानकडे आला आणि जगज्जेता झाला. चीनमधला कुणी खेळाडू ‘मी वर्षभर परदेशी जोडीदाराबरोबर खेळून येतो’ म्हणेल अशी कल्पना करून पाहा. इथे मात्र चीनच्या व्यवस्थेचाही वाटा पदरात घालावा लागतो. नियम कडक आणि बाहेर जायचं दार बंद, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की सत्ताविसावं वर्ष हेच शेवटचं ठरतं.

या नियमाच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, आणि ते मी हलक्यात घेत नाही. तारे आले नाहीत तर तिकिटं विकली जात नाहीत, प्रक्षेपणाचे हक्क कुणी घेत नाही, प्रायोजक फिरकत नाहीत. बॅडमिंटन म्हणजे टेनिस नव्हे. इथला पैसा मुळात थोडा, तोही आशियाच्या काही शहरांत गोळा झालेला. सगळ्यांनी आपापल्या सोयीच्या स्पर्धा निवडल्या तर यजमान एक-दोन वर्षांत हात वर करतील आणि शेवटी नुकसान क्रमवारीत साठाव्या-सत्तराव्या नंबरावर असलेल्या पोराचं होईल. मुद्दा खरा आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे सर्वात जास्त खेळलेल्या माणसालाच सर्वात जास्त बांधून ठेवणं, हे मात्र पटत नाही. टेनिसमध्ये पुरुषांचा दौरा चालवणाऱ्या एटीपीने वेगळी वाट काढलेली आहे. तिथेही मोठ्या स्पर्धांची सक्ती आहे, पण वय, दौऱ्यावर काढलेली वर्षं आणि खेळलेले सामने यांनुसार ती कमी होत जाते. ज्याने दौरा उभा करायला आयुष्य दिलं त्याला दौरा थोडी मोकळीक देतो. बॅडमिंटनला हे जमणार नाही असं कोणतंही कारण मला दिसत नाही.

तारे हवेत म्हणून दंड लावायचा आणि दंडाला कंटाळून ताराच निघून गेला, तर नियम कोणासाठी केला होता? झेंग ज्या महिन्यात गेला त्याच महिन्याच्या शेवटी टेबल टेनिसमध्ये पॅरिसचे दोन्ही एकेरी विजेते, फान झेनडोंग आणि छेन मेंग, माघारीच्या दंडांवर बोट ठेवून जागतिक क्रमवारीतूनच बाहेर पडले. फान आणि झेंग दोघेही १९९७ च्या सुरुवातीचे, जन्मात जेमतेम महिन्याचं अंतर. एकाच पिढीतले दोन सर्वश्रेष्ठ दोन महिन्यांच्या आत एकाच कारणाकडे बोट दाखवतात, तेव्हा ‘आजकालच्या मुलांना कष्ट नकोत’ हे उत्तर चालत नाही.

१९९७ म्हटलं की मुंबईचा चिराग शेट्टी आठवायला हवा. तोही त्याच वर्षीचा. त्याची आणि अमलापुरमच्या सात्विकची जोडीही खेळाडूंनी स्वतः जमवलेली नाही. मलेशियन प्रशिक्षक तान किम हेर यांनी दोन मागून खेळणाऱ्या उंच पोरांना एकत्र आणलं, आणि सुरुवातीला दोघांनाही ते रुचलं नव्हतं. वरून लादलेली जोडी हा काही चीनचा मक्ता नाही. फरक एवढाच की आपल्याकडे ही जोडी मोडली तर मागे रांग नाही. पॅरिसनंतर सात्विकच्या खांद्यामुळे काही महिने दोघेही बाहेर होते, कारण चिराग एकटा करणार तरी काय? लियांग वेइकेंग आणि वांग छांग या चिनी जोडीने त्यांना २०२३ च्या चायना मास्टर्सच्या, २०२४ च्या मलेशिया ओपनच्या आणि २०२५ च्या हाँगकाँग ओपनच्या अंतिम फेरीत हरवलं, तिन्ही वेळा तीन-तीन गेममध्ये. प्रत्येक वेळी आपल्याकडे चर्चा झाली ती शेवटच्या चार-पाच गुणांच्या हिमतीची. त्या आधीच्या महिन्यांत कोण किती विमानांत बसलं होतं, याची चर्चा कुठे ऐकू आली नाही.

दुहेरीकडे आपलं दुर्लक्ष जुनंच आहे. ज्वाला गुट्टाने त्यावर वर्षानुवर्षं आवाज उठवला आणि बदल्यात भांडखोर हे बिरुद मिळवलं. योगायोग असा की तिची आई चीनची, वडील तेलुगू आणि जन्म वर्ध्याचा. २०११ मध्ये लंडनला अश्विनी पोनप्पाबरोबर जागतिक स्पर्धेचं कांस्य मिळवून तिने या देशाला दुहेरीची ओळख करून दिली. पुढच्याच वर्षी, त्याच शहरात, ऑलिंपिकमध्ये नियम माणसाला कुठे नेतो तेही तिने पाहिलं. गटसाखळीत सोयीचा ड्रॉ मिळावा म्हणून चीन, कोरिया आणि इंडोनेशियाच्या चार जोड्या मुद्दाम फुलं नेटमध्ये घालत होत्या. आठही जणींना बाद केलं गेलं. चीनच्या यू यांगने लगेच खेळ सोडत असल्याचं वेइबोवर लिहून टाकलं. स्पर्धेची रचनाच हरणाऱ्याला बक्षीस देणारी होती, पण शिक्षा खेळणाऱ्यांना झाली. गटसाखळीची ती फट नंतर बुजवली गेली. सक्तीच्या यादीतली फट बुजवायला आणखी किती जगज्जेते घरी जायला हवेत?

भारताचं वजन इथे वापरता येईल असं मला वाटतं. आपण सुपर ७५० चे यजमान आहोत, प्रायोजक आपल्याकडे आहेत, प्रेक्षक आहेत, आणि पहिल्या दहात एक पुरुष जोडीही आहे. भारतीय संघटनेने महासंघाच्या बैठकीत तीन साध्या मागण्या ठेवाव्यात. आठ-दहा वर्षं वरच्या फळीत खेळलेल्यांची सक्ती टप्प्याटप्प्याने कमी करा. दुहेरीत दोघांपैकी एकाने विश्रांती घेतली तर जोडीचं मानांकन ठरावीक काळ गोठवून ठेवा, म्हणजे दुसऱ्याला तात्पुरत्या जोडीदाराबरोबर खेळता येईल आणि पहिल्याला परत यायला जागा राहील. आणि वर्षातून एका मोठ्या स्पर्धेची माघार, कारण न विचारता, दंडाविना चालू द्या. ती स्पर्धा आपली इंडिया ओपन असली तरी. चिराग जुलै २०२६ मध्ये एकोणतीस पूर्ण करतो, आणि खांद्याच्या तक्रारी सात्विकच्या आहेत.